घरी घडविलेले यंत्र

पेन्सिलीला टोक करताना चाकू थोडा घसरला तर टोक वाकडे होते. परंतु त्याने मोठे नुकसान होत नाही. लाकूड मऊ असते. ते हाताची चूक पोटात घालते. पोलादाचा स्वभाव असा क्षमाशील नाही. पाण्याच्या पंपात किंवा शिवणयंत्रात बसणारा एखादा भाग केसभर जाड झाला तर तो आपल्या जागी शिरत नाही, आणि केसभर बारीक झाला तर खडखडू लागतो. माणसाचा केस साधारणपणे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ‘केसभर’ चूक आपण बोलण्यात क्षुल्लक मानीत असलो, तरी यंत्रशाळेत ती फार मोठी ठरते.

असे भाग घडविण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे मिलिंग यंत्र होय. लेथवर धातूचा तुकडा फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग यंत्रात याच्या उलट व्यवस्था असते. येथे धातूचा तुकडा मेजावरील शेगड्यात घट्ट आवळलेला असतो आणि अनेक धारा असलेले कटर त्याच्यावर गरगर फिरत असते. मेज डावीउजवीकडे व मागेपुढे सरकते. कटर खालीवर होते. या तीन दिशांच्या संयोगाने सपाट पृष्ठभाग, खाच, भोक, वक्राकार कड असे नाना आकार कोरता येतात. आरंभी ही सारी हालचाल कारागीर हाताने चाके फिरवून करीत असे, आणि आजही कित्येक लहान कारखान्यांत अशी यंत्रे आहेत. तथापि, आता पुष्कळ ठिकाणी ते काम संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मोटरी करतात. अशा यंत्रास सीएनसी यंत्र म्हणतात. सीएनसी म्हणजे संगणकाच्या साहाय्याने होणारे अंक-नियंत्रण.

कारखान्यात तयार झालेले असे यंत्र फार महाग असते. म्हणून अनेक देशांतील हौशी कारागीर आपल्या घराच्या पडवीत किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत ते स्वतःच घडवितात. लाकूड कोरणारे लहान यंत्र करणे तितकेसे कठीण नाही. परंतु पोलाद कापणारे यंत्र करणे ही कारागिराची खरी कसोटी होय. या उद्योगात एक मोठे कोडेही दडलेले आहे. अचूक भाग घडविण्यास अचूक यंत्र लागते. पण अचूक यंत्र घडविण्यास अचूक भाग लागतात! मग आरंभ कोठून करावयाचा? ज्याच्याजवळ केवळ साधी हत्यारे आहेत, त्याने आपल्या हत्यारांहून अधिक अचूक वस्तू कशी घडवावी?

प्रथम यंत्राच्या शरीराचा विचार करू. नवशिक्याला वाटते की, मोटर मोठी बसविली म्हणजे पोलाद आपोआप कापले जाईल. हा त्याचा भ्रम पहिल्याच दिवशी नाहीसा होतो. दहा मिलिमीटर जाडीचे, चार धारांचे कटर साधे पोलाद कापताना मिनिटास सुमारे ८०० फेरे घेते, असे समजा. प्रत्येक फेऱ्यात चार धारा धातूवर आदळतात. म्हणजे मिनिटास ३,२०० आणि सेकंदास पन्नासाहून अधिक घाव बसतात. प्रत्येक घावाबरोबर कटर किंचित मागे ढकलले जाते आणि पुन्हा पुढे येते. यंत्राचा सांगाडा दुबळा असेल तर तोही वाकतो. त्यामुळे धातूवर बारीक लाटा उमटतात. पुढची धार त्या लाटांवर आदळून अधिकच थरथरते आणि अधिक मोठी लाट मागे ठेवते. अशा रीतीने कंपातून कंप वाढत जातो. यंत्र कर्कश किंचाळू लागते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि प्रसंगी कटर तुटून पडते.

यावर उपाय काय? तो समजण्यास एक साधा प्रयोग पुरे आहे. लाकडी पट्टीचे एक टोक मेजावर दाबून धरावे आणि दुसरे टोक मेजाच्या कडेबाहेर ठेवून त्याच्यावर बोटाने भार द्यावा. पट्टी वाकते. आता कडेबाहेर काढलेली लांबी दुप्पट करावी आणि तेवढाच भार द्यावा. पट्टी दुप्पट नव्हे, तर आठपट वाकेल! उलट, पट्टीची जाडी दुप्पट असेल तर ती पूर्वीच्या केवळ आठव्या हिश्श्याइतकी वाकेल. यंत्र घडविणाऱ्याचा पहिला नियम यातूनच निघतो. जो भाग अधांतरी आहे तो शक्य तितका आखूड असावा. जो भाग भार सोसतो तो शक्य तितका जाड असावा. आणि जेथे शक्य असेल तेथे आधार एका बाजूस न देता दोन्ही बाजूंस द्यावा.

हा नियम इतिहासातही मोठा फलदायी ठरला आहे. जेम्स वॉट याने आपल्या वाफेच्या एंजिनाचे पेटंट १७६९ साली घेतले. परंतु त्याचे एंजिन कित्येक वर्षे नीट चालेना. एंजिनाचे मोठे नळकांडे आतून खरे गोल होत नसे. त्यामुळे दट्ट्या व नळकांडे यांच्यामधील फटीतून वाफ निसटून जाई. त्या काळी नळकांडे आतून कोरणाऱ्या हत्याराचा दांडा एकाच टोकाशी धरलेला असे. त्याचे मोकळे टोक नळकांड्याच्या ओबडधोबड अंगावरच टेकून पुढे जाई. साहजिकच नळकांड्यातील वाकडेपणा हत्याराच्या वाटेतही उतरत असे. तेव्हा जॉन विल्किन्सन नावाचा लोखंडाचा कारखानदार वॉटच्या मदतीस आला. तोफा कोरण्याच्या एका नव्या रीतीचे पेटंट त्याने १७७४ साली घेतले होते. एंजिनाच्या नळकांड्यासाठी त्याने दांडा नळकांड्यातून आरपार घातला आणि त्याच्या दोन्ही टोकांना भक्कम आधार दिला. आता हत्याराला नळकांड्याच्या वाकडेपणाशी कर्तव्य उरले नाही. सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या एका नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने आनंदाने नमूद केले. १७७६ साली वॉटची एंजिने कामाला लागली. एका दांड्याला दुसऱ्या टोकाशीही आधार मिळाला, आणि त्याने उद्योगांच्या इतिहासाला नवे वळण लागण्यास हातभार लावला.

घरी यंत्र घडविणारा कारागीर हाच धडा गिरवितो. कारखान्यांत यंत्राची बैठक बहुधा बिडाची ओततात. कारण बीड जड असते आणि कंप शोषून घेते. घरी एवढा मोठा ओतीव भाग करणे अवघड असते. म्हणून कारागीर जाड पोलादी चौकोनी नळ्या व पत्रे वेल्डिंगने सांधून सांगाडा उभा करतो. परंतु नुसता पोलादी सांगाडा घंटेसारखा निनादतो. मंदिरातील घंटा वाजविली तर तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो. स्वयंपाकघरातील दगडी पाट्यावर मारले तर ‘ठप्प’ असा आवाज होऊन तो तेथेच विरतो. यंत्राचे अंग घंटेसारखे नव्हे, तर पाट्यासारखे असावयास हवे. यासाठी कित्येक कारागीर सांगाड्याच्या पोकळीत दगडाची बारीक खडी, वाळू व इपॉक्सी नावाची राळ यांचे मिश्रण ठासून भरतात. ते वाळले म्हणजे दगडासारखे घट्ट होते. अशा यंत्राचे वजन कित्येकदा काहीशे किलोग्रॅम भरते. पण तो बोजा नसून तेच त्याचे बळ होय.

वेल्डिंगमध्येही एक अडचण असते. तापलेला सांधा निवताना आकसतो आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढून वाकडा करतो. म्हणून जाणता कारागीर एका बाजूचा सांधा सलग पुरा करीत नाही. थोडे येथे, थोडे समोरच्या बाजूस, असे करीत तो ओढ सारखी वाटून देतो. शक्य असेल तर तो सांगाडा भट्टीत तापवून सावकाश निववितो. त्यामुळे धातूत दबून राहिलेला ताण पुष्कळसा निघून जातो.

आता ते मुख्य कोडे पुढे येते. मेज ज्या रुळांवरून सरकते, ते रूळ सरळ हवेत आणि रुळांखालची जागा सपाट हवी. परंतु ती सपाट आहे हे ठरविणार कोण? पट्टी लावून पाहावे, तर ती पट्टी तरी सरळ आहे कशावरून?

या प्रश्नाचे सुंदर उत्तर यंत्रविद्येने फार पूर्वी शोधून काढले आहे, आणि त्यासाठी कोणतेही भारी यंत्र लागत नाही. केवळ तीन पाट्या पुरतात. दोन धातूच्या पाट्या घेऊन एकीला रंग लावावा व ती दुसरीवर घासावी. जेथे उंचवटा असेल तेथे रंग लागेल. तो उंचवटा हाताने खरवडून काढावा. असे पुनःपुन्हा केले की दोन्ही पाट्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. पण त्या सपाट झाल्या असे मात्र म्हणता येत नाही. कारण एक पाटी किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. दोघींनी जणू संगनमत करून आपला दोष लपविलेला असतो. अशा वेळी तिसरी पाटी साक्षीला आणावी. तिलाही त्या फुगीर पाटीशी जुळवून घ्यावे. मग दुसरी व तिसरी अशा दोन्ही पाट्या खोलगट होतील. त्या एकमेकींवर ठेवताच केवळ कडांशी टेकतील आणि दोष उघडा पडेल. तीन पाट्या आलटूनपालटून व फिरवून, कोणत्याही दोघींशी जुळेपर्यंत खरवडीत गेले, म्हणजे त्या सपाट होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने तरुणपणी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याच्या कारखान्यात काम केले होते. पृष्ठभाग घासून नव्हे तर खरवडून खरे सपाट करण्याची ही रीत त्याने १८४० साली ग्लासगो येथे विद्वानांच्या सभेपुढे मांडली.

दोष उघडा पाडण्याची अशीच युक्ती आपल्या गवंड्यांना आणि सुतारांनाही ठाऊक आहे. गुण्या खरा काटकोनी आहे की नाही हे पाहण्यासाठी सुतार तो फळीच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ मारतो. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारतो. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर जेवढी फट दिसेल तिच्या निम्मी चूक गुण्यात आहे असे समजावे. पाणसळही अशीच टोके उलटसुलट करून पाहतात. घरी यंत्र घडविणारा कारागीर आपल्या यंत्राचा स्तंभ व मेज यांच्यामधील काटकोन याच तत्त्वाने तपासतो. रुळांखालची जागा समतल करण्यासाठी काही जण पातळ इपॉक्सी ओततात. साचलेल्या पाण्याप्रमाणे ती आपली पातळी आपणच शोधते व मग घट्ट होते. निसर्गाचा नियम येथे कारागिराचा सोबती होतो.

रूळ झाले, आता मेज हलविणारे मळसूत्र पाहू. साध्या मळसूत्रात दांड्याचे आटे व नटाचे आटे यांच्यामध्ये थोडी फट असते. त्यामुळे दिशा बदलताना दांडा थोडा फिरतो, पण मेज जागचे हलत नाही. अशी पोकळ हालचाल अचूक कामात चालत नाही. यास्तव सीएनसी यंत्रात बॉलस्क्रू वापरतात. त्याच्या नटामध्ये पोलादी छर्रे असून ते आट्यांच्या खोबणीतून घरंगळत जातात. छर्रे दाबून बसविले म्हणजे फट उरत नाही आणि घर्षणही कमी होते. या दांड्याला स्टेपर मोटर जोडतात. ही मोटर एका फेऱ्यात सामान्यतः २०० समान पावले टाकते. एका फेऱ्यात मेज पाच मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलास ते ५ भागिले २००, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर सरकेल. हे अंतर केसाच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश आहे.

मात्र या मोटरीत एक उणीव आहे. ती आज्ञा पाळते, पण पाऊल खरोखर पडले की नाही हे पाहत नाही. भार फार झाला आणि काही पावले चुकली, तरी संगणक ‘काम ठीक चालले आहे’ असे समजून पुढे जातो आणि सारा भाग वाया जातो. सर्व्हो मोटरीची व्यवस्था याहून निराळी असते. तिच्याबरोबर मोजणारे उपकरण असते. ते आपण कोठे पोचलो हे क्षणोक्षणी कळविते आणि चूक आढळताच ती सुधारली जाते. आज्ञेबरोबर तपासणी असली तरच काम विश्वासार्ह होते, ही गोष्ट केवळ यंत्रांपुरती खरी आहे काय?

अंकांच्या आज्ञेने यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेत उदयास आली. जॉन पार्सन्स हा उद्योजक हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असे. त्या पात्यांचा वक्र आकार अचूक साधणे कठीण होते. थोडेसे बिंदू आखून ते हाताने जोडावे लागत. पार्सन्स व त्याचा सहकारी अभियंता फ्रँक स्टुलेन यांनी पंच केलेल्या कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राकडून त्या वक्राचे २०० बिंदू काढून घेतले. मग एक माणूस आकडे मोठ्याने वाचू लागला आणि दोन कामगार त्याप्रमाणे मिलिंग यंत्राची दोन चाके फिरवू लागले. यातूनच पार्सन्सला सुचले की, यंत्राने हे आकडे स्वतःच का वाचू नयेत? १९४९ साली अमेरिकी वायुदलाने या कामासाठी पैसा दिला. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी, भोके पाडलेल्या कागदी फितीवरील आकडे वाचून तिन्ही दिशांना हलणारे मिलिंग यंत्र तयार केले. १९५२ सालच्या सप्टेंबरात ते लोकांना दाखविण्यात आले. त्याच्या नियंत्रणासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली मोठमोठी कपाटे लागत. आज तेच काम तळहाताएवढे उपकरण करते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने असे यंत्र चालविणारी एक आज्ञाप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्यातूनच लिनक्ससीएनसी ही विनामूल्य प्रणाली वाढली, आणि घरी यंत्र घडविणाऱ्यांची मोठी सोय झाली.

अखेरीस यंत्र उभे राहते. कारागीर शेगड्यात पोलादाचा ठोकळा आवळतो, डोळ्यांवर चष्मा चढवितो आणि कळ दाबतो. पहिला कीस उडतो, आणि बहुधा पहिले काम बिघडते! माप थोडे चुकते, पृष्ठभागावर लाटा दिसतात. या क्षणी दोन मार्ग मोकळे असतात. एक, ‘घरच्या यंत्राला इतके पुरे’ असे म्हणून मनाचे समाधान करून घेण्याचा. दुसरा, डायल गेज लावून दोष कोठे आहे ते धीराने शोधण्याचा. एखादा बोल्ट सैल असेल. स्तंभ केसभर झुकला असेल. कदाचित दुपारच्या उन्हाने लोखंड प्रसरण पावले असेल. एक मीटर लांबीचे पोलाद तपमान दहा अंशांनी वाढताच सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढते. म्हणून सकाळी घेतलेले माप दुपारी खोटे ठरू शकते. जो हे सारे दोष एकामागून एक हुडकतो, त्याचेच यंत्र पुढे पोलाद लोण्यासारखे कापते.

येथे एक सूचना अवश्य ध्यानात ठेवली पाहिजे. फिरते कटर मित्र व अनोळखी असा भेद जाणत नाही. त्याच्याजवळ सैल कपडे, मोकळे केस किंवा हातमोजे घालून जाणे धोक्याचे असते. कटर ते पकडून हातच ओढून घेते. कीस तापलेला व धारदार असतो. तो हाताने नव्हे, तर यंत्र थांबवून कुंचल्याने झाडावा. विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. यंत्र तात्काळ थांबविणारी लाल कळ नेहमी हाताशी असावी. मुलांनी अशा यंत्राजवळ मोठ्या माणसांवाचून कधीही जाऊ नये.

यंत्र नीट चालू लागले म्हणजे एक मौजेची गोष्ट घडते. कारागीर त्याच यंत्रावर त्याचेच काही भाग पुन्हा, पूर्वीपेक्षा अधिक अचूक घडवितो आणि जुन्यांच्या जागी बसवितो. यंत्र आपल्या उणिवा आपणच भरून काढू लागते! आरंभीच्या कोड्याचे उत्तर येथे पुरतेपणी मिळते. अचूकपणा विकत आणावा लागतो असे नाही. तो थोड्या चुकीपासून आणखी थोड्या चुकीकडे, पायरी पायरीने चढत येतो. त्यासाठी दोन गोष्टी मात्र हव्यात: दोष लपू न देणारी तपासणी आणि दोष दिसताच तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा. तीन पाट्यांनी शिकविलेला हा धडा पोलादाइतकाच माणसालाही लागू आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेथ व मिलिंग यंत्र यांत कोणता फरक आहे?
(आ) यंत्राचे अंग घंटेसारखे नसून पाट्यासारखे का असावे?
(इ) विल्किन्सनने दांड्याच्या रचनेत कोणता बदल केला? त्याचा परिणाम काय झाला?

२. कारणे द्या.
(अ) दोन पाट्या एकमेकींशी जुळल्या तरी त्या सपाट आहेत असे म्हणता येत नाही.
(आ) स्टेपर मोटरीवर पूर्ण विसंबून राहता येत नाही.

३. स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्यात मेज ४ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलास ते किती सरकेल?

४. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा: पोटात घालणे, संगनमत करणे, धडा गिरविणे, गत्यंतर न उरणे.

५. आपल्या गावातील सुताराकडे किंवा गवंड्याकडे जाऊन तो गुण्या कसा तपासतो ते पाहा व त्याचे दहा ओळींत वर्णन करा.